छंद जुन्या गाडीचा, धूळ जुन्या काळाची

पुण्यात डेक्कन, प्रभात रस्ता किंवा कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली गाडी आजही दिसते. कुठे फियाट 1100, कुठे दोन दरवाजांची स्टँडर्ड हेरल्ड, आणि एखाद्या भाग्यवंताकडे एमजीची उघड्या टपाची, दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार. मालक बहुधा पन्नाशी-साठीतला असतो. सुटीच्या दिवशी पाने-पकडींची पेटी उघडायची, एखादा बोल्ट सोडवण्यात सकाळ घालवायची, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करायची, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारायची. असे करत करत चार-पाच वर्षांनी गाडी पुन्हा रस्त्यावर येते.

या छंदाबद्दल मला आदर आहे. हाताला काम, डोक्याला कोडे आणि कुठलीही डेडलाइन नाही, ही त्रिसूत्री निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसासाठी फार मोलाची असते. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात 2023 मध्ये 16 देशांतल्या, 65 वर्षांवरील 93 हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद जोपासणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनातले समाधान जास्त आढळले. अर्थात हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. छंदामुळे माणूस आनंदी होतो की आनंदी माणूस छंद जोपासतो, हे त्यातून पुरते सिद्ध होत नाही. तरीही ‘काहीतरी छंद ठेवा’ हा सल्ला कोणताही डॉक्टर निःशंकपणे देईल.

मात्र जुन्या गाडीची एक गोष्ट वेगळी आहे. ती विसाव्या शतकाच्या मध्यावर बनलेली असते आणि त्या काळी सर्रास वापरले जाणारे, आज आपण धोकादायक मानतो असे पदार्थ तिच्या अंगात असतात. गाडी उभी असते तोवर ते स्वस्थ असतात. आपण घासायला, खरवडायला, फुंकायला सुरुवात केली की ते हवेत येतात. आणि गॅरेज घरातच असेल तर घरात येतात.

पत्र्यावरचे थर

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना एक खास इतिहास आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड 1961 पासूनची. ब्रिटनमधल्या ज्या ट्रायम्फ हेरल्डवरून ती आली, तिचीच चॅसिस आखूड करून तिथे ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स कार बनवली गेली. एमजी टीडी ही 1950 ते 1953 या काळातली गाडी, तिच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे देशात असलेल्या गाड्या टाकून देणे परवडणारे नव्हते. त्या ठोकून, लांबी भरून, पुन्हा पुन्हा रंगवून चालवल्या गेल्या. म्हणूनच आज एखाद्या जुन्या गाडीचा रंग खरवडला तर पाच-सहा थर निघतात. प्रत्येक थर वेगळ्या दशकातला असतो.

या थरांत शिसे असण्याची शक्यता दाट असते. पिवळ्या, लाल, हिरव्या छटांसाठी शिशाची रंगद्रव्ये वापरली जात. गंज रोखणाऱ्या जुन्या प्रायमरमध्ये ‘रेड लेड’ असे. हा रेड लेड म्हणजे मारुतीला लावतो तो पारंपरिक शेंदूरच. आजच्यासारखी पॉलिस्टरची लांबी मिळत नव्हती तेव्हा पत्र्याचे सांधे आणि पोचे भरायला शिशाचा डाग देत. त्यातच भारतात शिसेयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पर्यंत विकले जात होते. त्यामुळे जुन्या इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या काजळीतही शिसे सापडू शकते.

शिशाचा त्रास एका दिवसात होत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. रक्तात मिसळलेले शिसे साधारण महिन्याभराने निम्मे होते, पण बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे कित्येक वर्षे राहते. दर रविवारी थोडी थोडी धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली तर साठा वाढत जातो. मग थकवा, चिडचिड, पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब अशी लक्षणे दिसतात. यांतले प्रत्येक लक्षण पन्नाशीनंतर ‘वयामुळे असेल’ म्हणून सहज खपून जाते.

घरातल्या लहान मुलांचा धोका आणखी मोठा आहे. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जाते. त्यांचा मेंदू घडत असतो आणि हात सतत तोंडात असतात. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे आज कोणतीही आरोग्य संस्था म्हणत नाही. आजोबा गाडी घासून आत आले आणि त्याच शर्टाने नातवाला उचलून घेतले, तर आजोबांच्या छंदाची किंमत नातू मोजतो.

उपाय अवघड नाहीत. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारत वॉटर पेपरने घासावा. ग्राइंडर किंवा गरम हवेची गन जुन्या रंगावर चालवू नये, कारण एकाने बारीक धूळ उडते आणि दुसरीने धूर निघतो. गॅरेज झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात, गॅरेजमध्येच उतरवाव्यात आणि घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हात-तोंड धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नये. हे काम वर्षानुवर्षे चालणार असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी सुरुवातीला एकदा आणि नंतर अधूनमधून करून घ्यावी.

ब्रेकच्या ड्रममधली करडी पूड

जुन्या गाडीचे चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला की आत करडी पूड साचलेली दिसते. आपल्या गॅरेजांत तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत आहे. हवा नसेल तर तोंडाने फुंकर. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि इंजिनाच्या पॅकिंगमध्ये उष्णता सोसण्यासाठी ॲस्बेस्टॉस घातलेले असे. त्याचे तंतू इतके सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फुप्फुसात खोलवर गेलेले तंतू शरीराला सहजासहजी बाहेर काढता येत नाहीत. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग यांच्याशी ॲस्बेस्टॉसचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. तंतू श्वासात जाणे आणि आजार दिसणे यांत 20 ते 40 वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. सिगारेट ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आयुष्यात दोन-तीनदा ब्रेक उघडणाऱ्या हौशी माणसाचा धोका कमीच आहे, उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जो धोका पाण्याच्या एका फवाऱ्याने टळतो, तो घ्यायचा कशाला? ड्रम उघडल्यावर साबणाच्या पाण्याने पूड भिजवावी, ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. हवा मारू नये, लायनर घासू नये, त्याला भोक पाडू नये. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही. आणखी एक सूचना शौकिनांसाठी. पन्नास वर्षे डब्यात पडून राहिलेले ‘ओरिजिनल’ लायनर मिळाले की हौशी माणूस हरखतो. डबा जुना म्हणजे आतला मालही त्याच काळातला. ब्रेकच्या बाबतीत ॲस्बेस्टॉस नसलेला नवा लायनरच बरा.

पहिल्यांदा इंजिन सुरू होते तेव्हा

सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत घातक क्षण हाच. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन खोकत, धूर सोडत सुरू होते. सगळे घर गॅरेजमध्ये जमते. पावसाळ्याचे दिवस असतील तर शटर अर्धे ओढलेले असते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. देशात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो 1995 मध्ये आला. जुन्या पेट्रोल मोटारींसाठी पीयूसी चाचणीची मर्यादाच 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड इतकी आहे. म्हणजे दहा लाख भाग धुरात 30 हजार भाग विषारी वायू असला तरी गाडी पास होते. हवेत याच वायूचे 1,200 भाग असतील तर जिवाला तत्काळ धोका मानला जातो. चोक ओढलेल्या, नीट जुळवणी न झालेल्या इंजिनातून तर 3 टक्क्यांहून अधिक बाहेर पडतो. बंद गॅरेजमध्ये घातक पातळी गाठायला काही मिनिटे पुरतात. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही हाच धोका आहे.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, मग गुंगी, असा क्रम असतो. गुंगी आलेल्या माणसाला आपण बाहेर पडायला हवे हेही सुचत नाही. एक महत्त्वाची गोष्ट इथे सांगायला हवी. करोनाकाळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाला ते लावले तर आकडा 97-98 दिसू शकतो, कारण वायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवाहू हिमोग्लोबिन यांतला फरक ते यंत्र ओळखत नाही. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, इंजिन बंद करा आणि थेट रुग्णालय गाठा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तोच वेळ तास-दीड तासावर येतो. इंजिन सुरू करायचे असेल तर गाडी ढकलून अंगणात आणावी. या नियमाला अपवाद करू नये.

रंग घरी मारू नका

घरी काय करावे आणि काय करू नये, याची यादी केली तर माझ्या मते एकच काम निःसंकोचपणे ‘नको’च्या रकान्यात जाते: हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगाचा स्प्रे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातली रसायने असतात. हा शब्द आपल्या कानावर आला तो डिसेंबर 1984 मध्ये भोपाळमुळे. तिथला मिथाइल आयसोसायनेट आणि रंगातले आयसोसायनेट एक नव्हेत. रंगातले सहजासहजी वाफ होऊन उडत नाहीत. पण स्प्रे गनमधून त्यांचे सूक्ष्म तुषार होतात आणि ते श्वासात जातात.

त्यातून होणारा दमा फसवा असतो. बऱ्याचदा रंगकाम करताना काही होत नाही, खोकला आणि छातीतला आवळा संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. त्यामुळे रंगाशी संबंध लक्षात येत नाही. एकदा शरीराला ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही झटका येऊ शकतो. एन-95 मास्क हे तुषार आणि वाफा यांच्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारे पेंट बूथ लागते. ही व्यवस्था घराच्या गॅरेजमध्ये होत नाही.

मात्र इथेच एक प्रश्न उभा राहतो. आपण रंगाचे काम बाहेर दिले की धोका संपतो का? आपल्यापुरता संपतो. शहराच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये नाकाला रुमाल बांधून स्प्रे मारणारा पेंटर तो रोज घेत असतो. आपण आयुष्यात एक गाडी रंगवतो, तो महिन्याला कितीतरी. त्याच्याबरोबर एखादा शिकाऊ मुलगा दिवसभर रंग घासत असतो. दहापेक्षा कमी माणसांच्या अशा गॅरेजना सहसा कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षणही लागू होत नाही. दम लागेपर्यंत ते काम करतात आणि मग सरकारी रुग्णालयात येतात, तेव्हा काम सोडण्याखेरीज सांगण्यासारखा दुसरा सल्ला उरत नाही. गाडीच्या जीर्णोद्धारावर लाखो रुपये खर्च करणाऱ्याने काम देण्यापूर्वी बूथ आहे का हे पाहावे, मुखवट्याचा आणि हातमोज्यांचा खर्च बिलात आनंदाने धरावा, आणि सवलत मागताना ती कशातून निघणार आहे याचा विचार करावा.

छोट्या गोष्टी, मोठे अपघात

अपघात विभागात येणाऱ्या काही जखमा मात्र धुळीच्या किंवा धुराच्या नसतात. टाकीतले जुने पेट्रोल नळी लावून तोंडाने ओढण्याची सवय सोडावी. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला तीव्र दाह होतो. चुकून गिळले गेले तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, कारण उलटीतून तेच पेट्रोल फुप्फुसात जाते. पेट्रोल, थिनर किंवा कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते.

गाडी फक्त जॅकवर उचलून खाली शिरू नये, चारही बाजूंनी पक्के स्टँड लावावेत. ग्राइंडर चालवताना साधा चश्मा पुरत नाही, बाजू बंद असलेला गॉगल लागतो. ग्रीस गनच्या दाबाने बोटात ग्रीस घुसले तर वर टाचणीएवढेच भोक दिसते आणि दुखतही नाही. आत मात्र बोट सडू शकते. अशा वेळी त्याच दिवशी शस्त्रक्रियेची गरज असते.

गंजलेल्या पत्र्याने कापले की धनुर्वात होतो, असा एक समज आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात नव्हे, माती-धुळीत असतात. जुनी गाडी वर्षानुवर्षे मातीत उभी असते म्हणून धोका खरा आहे. शासकीय लसीकरणात आता टीटीऐवजी टीडी लस दिली जाते. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी तिचा डोस घ्यावा.

डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न

बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक रुग्णाला ‘तुम्ही काम काय करता?’ हे विचारा, असा आग्रह धरला. व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्राची सुरुवात तिथे मानतात. आज त्या प्रश्नाला आणखी एक जोडायला हवा: ‘सुटीच्या दिवशी काय करता?’ केसपेपरवर ‘निवृत्त बँक अधिकारी’ असे लिहिलेल्या माणसाच्या पोटदुखीमागे शिसे असेल, हे कोणाच्याही डोक्यात येत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही आपणहून सांगा. कोणती गाडी, काय घासता, काय फवारता, किती तास, दार उघडे की बंद, एवढे सांगितले तरी निदानाची दिशा बदलू शकते.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी मात्र ती गाडी चालवता येत नाही. प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच. मूळ स्वरूप मोडलेले नसावे, अशीही अट आहे. म्हणजे कायद्यालाही या कामात घाई अपेक्षित नाही.

ही संथगती आरोग्याच्या दृष्टीनेही सोयीची आहे. व्यावसायिक गॅरेजला गाडी पुढच्या आठवड्यात द्यायची असते, म्हणून तिथे कोरडे घासले जाते आणि हवा मारली जाते. हौशी माणसाला तसली घाई नसते. पत्रा भिजवायला, शटर पूर्ण उघडायला, गाडी अंगणात ढकलायला, कपडे बदलून मगच घरात यायला त्याच्याकडे वेळच वेळ असतो. पाच वर्षांच्या कामात या सगळ्याने फार तर पाच-सहा महिने वाढतील. गाडी पन्नास वर्षे थांबली आहे, आणखी थोडी थांबेल.